केंद्रकी ओळखायची कशी: काचपट्टीपासून प्रथिनांच्या यादीपर्यंत

पेशीची आकृती काढताना केंद्रकाच्या आत एक गडद ठिपका काढायचा आणि बाण काढून त्याला ‘केंद्रकी’ असं नाव द्यायचं, हे शाळेपासून आपल्या हातात बसलेलं असतं. पुढे त्या ठिपक्याच्या वाट्याला एक वाक्य येतं, ‘येथे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बांधणारी यंत्रं, तयार होतात’, आणि विषय तिथेच थांबतो. मग कधी तरी प्रयोगशाळेत एखादं प्रथिन केंद्रकीत चमकताना दिसतं किंवा शेकडो प्रथिनांची यादी समोर येते, आणि त्या एका वाक्याच्या बळावर पुढे जाता येत नाही.

हा लेख त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे: पदव्युत्तर विद्यार्थी, नुकतेच संशोधनाला लागलेले तरुण, आणि मुलांना ही गोष्ट नीट समजावून सांगायची तळमळ असलेले शिक्षक. क्रम मी मुद्दाम ठरवला आहे. आधी केंद्रकी डोळ्यांनी पाहायची, मग तिचे थर ओळखायचे, मग थरांतली प्रथिनं, आणि सगळ्यात शेवटी केंद्रकी वेगळी काढून तिची प्रथिनं मोजायची. बरेच जण उलट जातात. यादी हातात घेतात आणि नावं पाठ करतात. केंद्रकीतलं प्रथिन नावावरून कळत नाही. ते कुठल्या थरात बसतं, केव्हा तिथे येतं आणि काम थांबलं की कुठे जातं, यावरून कळतं.

पायरी १: भिंत नसलेली जागा

सर्वांत आधी एक समज पक्का करून घ्या. केंद्रकीला पटल नाही. तंतुकणिकेला आणि केंद्रकाला तर ते दुहेरी आहे, पण केंद्रकीभोवती काहीही नाही. तरीही ती विरघळून जात नाही, आकार टिकवते, आणि तिच्या आतले थरही एकमेकांत मिसळत नाहीत. हे कसं जमतं, हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे असं मला वाटतं.

फेलिचे फोंताना यांनी १७८१ मध्ये ईल माशाच्या त्वचेवरच्या बुळबुळीत द्रवातल्या पेशींमध्ये केंद्रक आणि त्यातला ठिपका पाहिला. रुडोल्फ वाग्नर यांनी १८३५ मध्ये अंडपेशीतल्या या ठिपक्याचं वर्णन केलं. पण तो कशामुळे तयार होतो, हे कळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. १९३४ मध्ये बार्बरा मॅक्‌क्लिन्टॉक यांनी मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावर एक ठरावीक जागा दाखवून दिली. केंद्रकी तिथेच घडते. त्या जागेला केंद्रकी-संघटक म्हणतात. माणसात अशा जागा १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर आहेत. गुणसूत्रांच्या जोड्या धरल्या तर एका पेशीत दहा. प्रत्यक्षात मात्र दहा केंद्रकी क्वचितच दिसतात, कारण शेजारच्या केंद्रकी एकमेकींना भिडतात आणि एक होतात.

या जागांवर रायबोसोमच्या आरएनएची जनुकं ओळीनं, एकामागून एक, शेकड्यांनी मांडलेली असतात. माणसात अशी एक प्रत साधारण ४३,००० आधारजोड्यांची (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांची) असते आणि त्यातल्या सुमारे १३,००० जोड्यांच्या तुकड्यावरून आरएनए उतरवला जातो. १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी आफ्रिकन झेनोपस बेडकाच्या केंद्रकी नसलेल्या भ्रूणांवर काम केलं. त्या भ्रूणांमध्ये रायबोसोमचे मोठे आरएनए नव्यानं तयारच होत नव्हते. केंद्रकी आणि रायबोसोम यांचं नातं त्या प्रयोगानं निर्विवाद झालं.

भिंतीच्या प्रश्नाला उत्तर मिळायला २०११ उजाडलं. क्लिफर्ड ब्रँगविन, टिमथी मिचिसन आणि अँथनी हायमन यांनी झेनोपसच्या अंडपेशीतल्या केंद्रकी द्रवाच्या थेंबांसारख्या वागतात हे दाखवलं. दोन थेंब भिडले की हळूहळू एक गोल थेंब होतो, अगदी तसं. म्हणजे केंद्रकी ही पिशवी नाही. ती प्रथिनं आणि आरएनए यांच्या परस्पर ओढीतून जमलेला घट्टसर थेंब आहे. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे लक्षात ठेवा.

पायरी २: साध्या सूक्ष्मदर्शीखाली पाहा

महागडी यंत्रं नंतर. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा घ्या, त्यावर सौम्य आयोडीनचा थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा आणि ४० पटींची वस्तुभिंग लावा. खालची प्रकाशझडप थोडी बंद करा, म्हणजे छायाभेद वाढतो. केंद्रकाच्या फिकट गोलात एक-दोन, कधी तीन-चार जास्त चकाकणारे ठिपके दिसतील. फोकस बारीक फिरवत राहा. केंद्रकाला जाडी असते आणि सगळ्या केंद्रकी एकाच पातळीवर नसतात. गालाच्या आतल्या पेशी यासाठी घेऊ नका. त्या झिजून गळायला आलेल्या असतात आणि त्यांच्यात केंद्रकी नीट दिसत नाही.

पुढचं रंजन मिथिल ग्रीन-पायरोनिनचं. यात डीएनए हिरवट आणि आरएनए गुलाबी रंगतो. हिरव्या केंद्रकात गुलाबी केंद्रकी उठून दिसते. इथे एक काम आवर्जून करा: दुसऱ्या काचपट्टीवर रंजनाआधी रायबोन्यूक्लिएझ हे आरएनए तोडणारं विकर वापरा. गुलाबी रंग नाहीसा झाला, तर तुम्ही पाहत होता तो खरंच आरएनए होता. हा ताळा न करता काढलेल्या चित्रावर मी विश्वास ठेवत नाही.

तिसरी पद्धत चांदीची, आणि प्रथिनांच्या दृष्टीनं हीच सर्वांत बोलकी. केंद्रकी-संघटक जागांशी बांधलेली काही आम्लधर्मी प्रथिनं चांदीचे आयन पकडून ठेवतात. डब्ल्यू. एम. हॉवेल आणि डी. ए. ब्लॅक यांनी १९८० मध्ये याची एका टप्प्यात उरकणारी कृती दिली. ती अशी.

१०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात २ ग्रॅम जिलेटिन विरघळवा, त्यात १ मिलिलिटर फॉर्मिक आम्ल घाला. वेगळ्या कुपीत ८ मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवा. काचपट्टीवर जिलेटिनच्या द्रावणाचे दोन थेंब आणि चांदीच्या द्रावणाचे चार थेंब टाका, मिसळा, कव्हरस्लिप ठेवा आणि ७० अंश सेल्सिअसच्या तव्यावर ठेवा. अर्ध्या मिनिटात पिवळेपणा येतो, दोन मिनिटांच्या आसपास सोनेरी-तपकिरी रंग चढतो. त्या क्षणी उचला आणि शुद्ध पाण्यानं धुवा. आणखी दहा-वीस सेकंद थांबलात, तर सगळी काचपट्टी तपकिरी होते आणि ठिपके पार्श्वभूमीत हरवतात. ऊतीच्या कापांसाठी हेच मिश्रण खोलीच्या तापमानाला, अंधारात, जास्त वेळ ठेवतात; तिथे नियंत्रण ठेवणं सोपं जातं. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. सिल्व्हर नायट्रेटचे डाग त्वचेवर दिवसेंदिवस राहतात आणि डोळ्यांना त्यानं गंभीर इजा होते. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोराइडमुळे चांदीचा पांढरा साका बसतो.

विभाजन होत असलेल्या पेशीच्या गुणसूत्रांवर हे रंजन केलं, तर ज्या संघटक जागा आधीच्या आंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात, कामात होत्या त्याच काळ्या होतात. दहापैकी किती काळ्या झाल्या, यावरून किती जागा चालू होत्या याचा अंदाज येतो. विकृतिशास्त्रात अर्बुदातल्या पेशी किती वेगानं वाढत आहेत हे जोखायला हेच ठिपके मोजत आले आहेत.

पायरी ३: तीन थर वाचायला शिका

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचं चित्र पहिल्यांदा पाहिलं की सगळं करडं आणि गोंधळाचं वाटतं. वाचायची रीत अशी: आधी फिकट बेटं शोधा. ती तंतुमय केंद्रं. मग प्रत्येक बेटाला बिलगलेली गडद कडा पाहा. तो दाट तंतुमय थर. या दोन्ही गोष्टी ज्यात रुतल्या आहेत तो रवाळ पसारा म्हणजे कणमय भाग. त्यातले कण १५ ते २० नॅनोमीटरचे असतात. हे कण म्हणजे अर्धवट बांधून झालेले रायबोसोमचे घटक.

आता या चित्राकडे नकाशा म्हणून नव्हे, रस्ता म्हणून पाहा. जनुकं तंतुमय केंद्रात साठलेली. आरएनए उतरवण्याचं काम केंद्र आणि दाट थर यांच्या सीमेवर. ऑस्कर मिलर आणि बार्बरा बीटी यांनी १९६९ मध्ये उभयचरांच्या अंडपेशीतली ही जनुकं पसरवून त्यांची छायाचित्रं घेतली. डीएनएच्या एका दोऱ्यावर आरएनएच्या फांद्या एका टोकाला आखूड, दुसऱ्या टोकाला लांब, सूचिपर्णी झाडासारख्या. एकाच जनुकावर एकामागोमाग कितीतरी पॉलिमरेज, म्हणजे आरएनए उतरवणारी विकरं, चालत असतात आणि जो पुढे गेला त्याची फांदी लांब, इतकं स्वच्छ ते चित्र आहे.

माणसात तयार होणारा हा लांब आरएनए ४७एस नावानं ओळखतात (‘एस’ हे रेणू किती वेगानं तळाशी बसतो याचं माप). दाट थरात त्यावर रासायनिक खुणा केल्या जातात आणि काटछाट सुरू होते. बाहेरच्या कणमय भागाकडे सरकताना तो १८एस, ५.८एस आणि २८एस अशा तीन तुकड्यांत विभागला जातो. चौथा तुकडा, ५एस, मात्र इथला नाही. त्याची जनुकं माणसात पहिल्या गुणसूत्रावर आहेत, त्यांच्यासाठी पॉलिमरेजही वेगळं, ३ क्रमांकाचं. तो बाहेर तयार होऊन केंद्रकीत येतो. परीक्षेत आणि लेखांतही या जागी बऱ्याच चुका पाहिल्या आहेत, म्हणून वेगळं सांगतो.

आतून बाहेर जाणाऱ्या या रस्त्यामुळे थरांचा क्रम हाच कामाचा क्रम ठरतो. एखादं प्रथिन दाट थरात दिसलं तर ते बहुधा सुरुवातीच्या टप्प्यात भाग घेतं. कणमय भागात दिसलं तर जुळणीच्या उत्तरार्धात.

हे तीन थर सगळ्या सजीवांत नसतात. यीस्टमध्ये, कीटकांत, मासे आणि उभयचरांतही दोनच भाग स्पष्ट दिसतात: एक तंतुमय, एक कणमय. तीन थरांची रचना सरीसृप, पक्षी आणि सस्तन प्राण्यांत दिसते. यीस्टवर काम करत असाल तर तिसरा थर शोधत बसू नका. तिथे केंद्रकी केंद्रकाच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी चिकटलेली असते. एकाच प्राण्यातही पेशीच्या कामानुसार चित्र बदलतं. शांत लसिकापेशीत एकच तंतुमय केंद्र आणि त्याभोवती कडं, तर जोरात वाढणाऱ्या पेशीत कित्येक छोटी केंद्रं विखुरलेली. अलीकडे याहून बारीक विभागही मान्य होऊ लागले आहेत: दाट थराचा बाहेरचा पदर आणि केंद्रकीची स्वतःची कडा. पण सुरुवातीला तीन थर पक्के करणं पुरेसं आहे.

थर मिसळत का नाहीत? २०१६ मध्ये मारीना फेरिक आणि सहकाऱ्यांनी शुद्ध केलेली दोन प्रथिनं घेऊन परीक्षानळीत थेंब बनवले: फायब्रिलॅरिन आणि न्यूक्लिओफॉस्मिन. दोन्ही थेंब एकत्र आणल्यावर फायब्रिलॅरिनचा थेंब न्यूक्लिओफॉस्मिनच्या थेंबात शिरून आत राहिला, पण विरघळला नाही. पाणी आणि तेल यांच्यासारखं पृष्ठताणाचं गणित. पेशीतही दाट थर कणमय भागाच्या आत असतो, त्याचं बरंचसं स्पष्टीकरण या दोन थेंबांत आहे.

पायरी ४: थरांची ओळखीची प्रथिनं

शेकडो नावं पाठ करू नका. प्रत्येक थराचं एक-दोन प्रथिनं नीट समजून घ्या.

तंतुमय केंद्रासाठी यूबीएफ. हे डीएनएला बिलगून रायबोसोमच्या जनुकांचा पट्टा मोकळा, वापरण्याजोगा ठेवतं. आरएनए पॉलिमरेज १ याच भागात असतं. त्याचा सर्वांत मोठा उपघटक आरपीए१९४ हाही चांगला खुणेचा दगड आहे. यूबीएफचा विशेष असा की पेशी विभाजित होताना, केंद्रकी मोडून पडलेली असतानाही ते संघटक जागा सोडत नाही. त्याच्या जोडीला ट्रीकल हे प्रथिन असतं. त्याच्या जनुकात दोष आला की ट्रीचर कॉलिन्स हा चेहऱ्याच्या हाडांच्या वाढीवर परिणाम करणारा जन्मजात विकार होतो.

दाट थरासाठी फायब्रिलॅरिन. ३२१ अमिनो आम्लं, वजन ३४ किलोडाल्टनच्या आसपास. त्याच्या एका टोकाला ग्लायसिन आणि अर्जिनिन यांनी भरलेला सैल, ठरावीक आकार नसलेला भाग आहे, दुसऱ्या बाजूला नीट घडी घातलेलं विकर. सैल भाग थेंब बनायला मदत करतो, विकराचा भाग आरएनएवर मिथिल गट चढवतो. तो गट नेमका कुठे चढवायचा हे फायब्रिलॅरिनला स्वतःला कळत नाही. छोटे मार्गदर्शक आरएनए त्याला जागा दाखवतात, आणि नॉप५६, नॉप५८ व एसएनयू१३ ही प्रथिनं मिळून ती टोळी पूर्ण होते. दुसऱ्या प्रकारची टोळी डिस्केरिनभोवती जमते. ती युरिडिनचं स्यूडोयुरिडिन करते. मानवी रायबोसोमच्या आरएनएवर दोन्ही प्रकारच्या मिळून सुमारे दोनशे खुणा असतात. डिस्केरिनमधल्या दोषानं डिस्केराटोसिस कन्जेनिटा हा गंभीर विकार होतो. आणि फायब्रिलॅरिनविरुद्धची अँटिबॉडी त्वचा घट्ट करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या स्वप्रतिकार विकाराच्या काही रुग्णांच्या रक्तातच सापडते. प्रयोगशाळांमध्ये केंद्रकी रंगवायला अशा रुग्णांच्या रक्तातला द्रव पूर्वी खूप कामी आला.

कणमय भागासाठी न्यूक्लिओफॉस्मिन, म्हणजे एनपीएम१. जुन्या लेखांत याचं नाव बी२३. २९४ अमिनो आम्लं. पाच रेणू एकत्र येऊन फुलासारखं कडं करतात, मधल्या भागात आम्लधर्मी पट्टे, शेवटी आरएनए धरणारा भाग. अनेक हात असलेला असा रेणू एकाच वेळी अनेक भागीदारांना धरतो, म्हणूनच तो कणमय भागाचा सांगाडा ठरतो. २००५ मध्ये ब्रुनांजेलो फालिनी यांच्या गटानं दाखवलं की प्रौढांच्या तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात सुमारे एकतृतीयांश रुग्णांमध्ये याच्या जनुकाच्या शेवटच्या भागात बदल असतो. त्या बदलानं केंद्रकीत टिकवणारी दोन ट्रिप्टोफॅन बिघडतात आणि केंद्रकातून बाहेर नेणारा नवा संकेत तयार होतो. प्रथिन तेच, पण केंद्रकीत दिसायचं ते पेशीद्रवात दिसतं. निदानासाठीही या बदललेल्या जागेचा उपयोग होतो.

न्यूक्लिओलिन या केंद्रकीतल्या आणखी एका प्रथिनाबद्दल एक व्यवहारातली सूचना. क्रमावरून त्याचं वजन ७७ किलोडाल्टन निघतं, पण जेलवर ते १०० च्या वर धावतं, कारण सुरुवातीच्या आम्लधर्मी पट्ट्यांमुळे त्याची चाल मंदावते. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीनं ओळखण्याची पद्धत) पट्टी ‘चुकीच्या’ जागी दिसली म्हणून चांगली अँटिबॉडी फेकून देऊ नका.

याशिवाय रायबोसोमची स्वतःची ऐंशी प्रथिनं. ती पेशीद्रवात तयार होतात, केंद्रकाच्या छिद्रांतून आत येतात, केंद्रकीत आरएनएवर बसतात आणि उपघटकाचा भाग बनून पुन्हा बाहेर जातात. जुळणीला मदत करणारी आणखी दोनशेहून अधिक प्रथिनं आहेत, ती रायबोसोममध्ये राहत नाहीत. या वाहतुकीत अडथळा आला की आरपीएल५ आणि आरपीएल११ ही मोकळी राहिलेली प्रथिनं ५एस आरएनएसह एमडीएम२ ला जाऊन धरतात. एमडीएम२ चं काम पी५३ ला नष्ट करवणं. ते अडलं की पी५३ साठतं आणि पेशीचं विभाजन थांबतं. केंद्रकी बिघडल्याची वर्दी पेशीभर पोचवण्याची ही वाट आहे.

पायरी ५: अँटिबॉडीनं थर रंगवा

कव्हरस्लिपवर वाढवलेल्या पेशी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १० ते १५ मिनिटं स्थिर करा, धुवा, ०.२ ते ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये दहा मिनिटं ठेवा, मग नेहमीप्रमाणे ब्लॉकिंग, पहिली अँटिबॉडी, धुणं, दुसरी अँटिबॉडी, आणि शेवटी डीएनएसाठी डॅपी. तीन थरांची तीन खुणेची प्रथिनं निवडा: यूबीएफ, फायब्रिलॅरिन, एनपीएम१. डॅपीच्या चित्रात केंद्रकीच्या जागी काळोखी पोकळी दिसते. बाकीची चित्रं त्या पोकळीशी ताडून पाहा.

इथे एक फसवं दृश्य हमखास भेटतं. एनपीएम१ केंद्रकीभर असायला हवं, पण चित्रात फक्त कडेला कडं दिसतं. नवखा माणूस ते खरं मानून त्यावर गृहीतक रचतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं. केंद्रकी इतकी दाट असते की अँटिबॉडीचा मोठा रेणू आतपर्यंत शिरतच नाही, कडेलाच पकडला जातो. तपासायचं कसं? ट्रायटनचं प्रमाण आणि वेळ वाढवा. दुसऱ्या संचात उणे २० अंशांच्या मिथेनॉलनं स्थिरीकरण करा. आणि त्याच प्रथिनाला हिरवं चमकणारं जीएफपी जोडून जिवंत पेशीत पाहा. तिन्हींत कडं टिकलं तरच ते खरं. पण जीएफपीचंही एक पथ्य आहे: जनुक अति जोरात चालवलं तर प्रथिन कुठेही साचतं. फिकट चमकणाऱ्या पेशीच मोजायला घ्या.

नेहमीच्या कॉनफोकल सूक्ष्मदर्शीला तंतुमय केंद्र आणि दाट थर यांच्यातली सीमा नीट दाखवता येत नाही. ही रचना प्रकाशाच्या विभेदनमर्यादेच्या आसपास असते. ‘यूबीएफ आणि माझं प्रथिन एकाच जागी आहेत’ असं लिहिण्याआधी शक्य असेल तर अतिविभेदन सूक्ष्मदर्शी वापरा.

आणि आता माझी आवडती परीक्षा. पेशींना अगदी कमी मात्रेत अ‍ॅक्टिनोमायसिन डी द्या, मिलिलिटरमागे ०.०५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी, एक-दोन तास. या मात्रेत मुख्यतः पॉलिमरेज १ थांबतं. आरएनए उतरवणं बंद झालं की थर एकमेकांपासून सुटतात. यूबीएफ आणि फायब्रिलॅरिन केंद्रकीच्या कडेला टोप्यांसारखे जमतात, केंद्रकी आकसून गोल होते, आणि एनपीएम१ केंद्रकात पसरू लागतं. या थरांना कामच टिकवून धरत होतं, हे एवढ्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याच प्रयोगात दिसत नाही. तुमचं अनोळखी प्रथिन टोपीत गेलं, आकसलेल्या गोलात राहिलं, की बाहेर पसरलं, यावरून त्याचा थर बऱ्यापैकी नक्की होतो. हे औषध विषारी आहे. तोलताना आणि टाकून देताना नियम पाळा.

पायरी ६: केंद्रकी वेगळी काढा

पटल नसलेली गोष्ट शाबूत बाहेर काढता येते हे ऐकून पूर्वी मला नवल वाटायचं. युक्ती अशी की केंद्रकी केंद्रकातल्या बाकी सगळ्यापेक्षा दाट असते आणि मॅग्नेशियमच्या सोबतीनं घट्ट राहते. ध्वनिलहरींनी केंद्रक फोडलं तरी ती टिकते. खालची कृती हेला पेशींसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशींसाठी, रुळलेली आहे. सगळं बर्फावर करा आणि प्रत्येक द्रावणात प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना रोखणारं मिश्रण घाला.

१४ सेंटिमीटरच्या दहा ताटल्यांमधल्या पेशी गोळा करून धुवा. मग त्यांना ५ मिलिलिटर कमी क्षाराच्या द्रावणात पाच मिनिटं फुगू द्या: १० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.९, १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर डीटीटी. घट्ट दांड्याच्या डाउन्स होमोजेनायझरमध्ये दहा फेऱ्या मारा. एक थेंब सूक्ष्मदर्शीखाली पाहा. नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी फुटलेल्या आणि केंद्रकं शाबूत असायला हवीत. नसतील तर दोन-दोन फेऱ्या वाढवत जा.

अपकेंद्रण यंत्रात २१८ जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २१८ पट जोरानं) पाच मिनिटं फिरवा. वरचा द्रव पेशीद्रवाचा नमुना म्हणून जपून ठेवा. तळाचा साका ०.२५ मोलर सुक्रोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या ३ मिलिलिटर द्रावणात मोकळा करा आणि ०.३५ मोलर सुक्रोज व ०.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या तितक्याच द्रावणावर अलगद ओता, थर मिसळू न देता. १,४३० जी वर पाच मिनिटं. तळाशी स्वच्छ केंद्रकं मिळतात.

ती पुन्हा ०.३५ मोलरच्या ३ मिलिलिटर द्रावणात घेऊन सोनिकेशन करा: दहा सेकंद चालू, दहा सेकंद विश्रांती, असं सहा वेळा. सगळ्या कृतीचं यश इथे ठरतं. कमी पडलं तर केंद्रकं तशीच राहतात, जास्त झालं तर केंद्रकीच फुटतात. मी सुरुवातीला ठरलेल्या वेळेवर विसंबून राहिलो आणि पूर्ण एक संच वाया गेला. तेव्हापासून प्रत्येक झटक्यानंतर थेंब पाहतो. अखंड केंद्रक दिसेनासं झालं आणि गडद, चकाकते गोळे सुटे दिसू लागले की थांबतो. सोनिकेटरचं टोक झिजलं की जुने आकडे निरुपयोगी होतात.

हा द्रव ०.८८ मोलर सुक्रोज आणि ०.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या ३ मिलिलिटर थरावर ओतून सुमारे ३,००० जी वर दहा मिनिटं फिरवा. तळाशी केंद्रकी, वर केंद्रकद्रव. केंद्रकी ०.३५ मोलरच्या द्रावणात एकदा धुऊन घ्या.

प्रथिनं ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरकडे धावण्याआधी वेस्टर्न ब्लॉट करा. पेशीद्रव, केंद्रकद्रव आणि केंद्रकी, तिन्ही नमुन्यांत प्रथिनांचं वजन सारखं ठेवा. केंद्रकीच्या ओळीत फायब्रिलॅरिन ठळक हवं, पेशीद्रवातलं ट्युब्युलिन नसावं, केंद्रकाच्या आवरणातलं लॅमिन अगदी कमी हवं. लॅमिन ठळक दिसलं तर केंद्रकाचं आवरण सोबत आलं आहे. तो नमुना पुढे पाठवू नका.

पायरी ७: यादी वाचताना

२००२ मध्ये मानवी केंद्रकीतल्या २७१ प्रथिनांची यादी आली, २००५ पर्यंत ती जवळपास ७०० वर गेली, आणि २०२० मध्ये सूक्ष्मदर्शी चित्रांवरून केलेल्या एका मोठ्या पाहणीत १,३०० हून अधिक प्रथिनं केंद्रकीत दिसली. केंद्रकी मोठी झाली नाही. मोजणारी यंत्रं जास्त संवेदनशील झाली, त्यामुळे तिथे क्षणभर थांबणारी प्रथिनंही हाती लागू लागली. २००५ च्या कामाचा खरा मोलाचा भाग आकडा नव्हताच. पॉलिमरेज किंवा प्रोटिएसोम (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) अडवल्यावर कुठलं प्रथिन किती वेगानं येतं-जातं, हे त्यात वेळेनुसार मोजलं होतं.

यादीतल्या अनोळखी नावावर मी असे प्रश्न विचारतो. ते केंद्रकीत समृद्ध झालं आहे, की नुसतं सापडलं आहे? हिस्टोन, म्हणजे डीएनए गुंडाळून ठेवणारी प्रथिनं, प्रत्येक यादीत असतात, कारण केंद्रकीभोवतीचा क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचा गुंता) तिला चिकटूनच येतो. त्याच्या क्रमात लायसिन आणि अर्जिनिनचे पट्टे आहेत का? केंद्रकीकडे नेणारा एकच ठरलेला पत्ता नसतो. धनभारित पट्टे आरएनएला चिकटतात आणि प्रथिन तिथे अडकून राहतं, म्हणून असा पट्टा असणं पुरावा नाही, शक्यता आहे. आणि ते रायबोसोमसाठीच तिथे आहे का? यीस्टमध्ये सीडीसी१४ हे फॉस्फेट काढणारं विकर केंद्रकीत बांधून ठेवलेलं असतं आणि विभाजनाच्या शेवटाकडे सोडलं जातं. रायबोसोमशी त्या बंदिवासाचा संबंध नाही.

शेवटची तपासणी विभाजन होत असलेल्या पेशीत करा. बहुतेक जण अशा पेशी टाळतात, आणि तिथेच सर्वांत जास्त कळतं. विभाजनाच्या सुरुवातीला पॉलिमरेज १ चं काम थांबतं आणि केंद्रकी मोडते. यूबीएफ संघटक जागांवरच राहतं. केआय-६७, एनपीएम१ आणि फायब्रिलॅरिन यांचा बराचसा भाग गुणसूत्रांभोवती लेपासारखा बसतो. मग विभाजनाच्या अखेरीस नव्या केंद्रकांत बारीक ठिपके दिसू लागतात, त्यांच्यात ही प्रथिनं थोडा वेळ जमा असतात. संघटक जागांवर काम सुरू झालं की आधी फायब्रिलॅरिन तिकडे जातं, एनपीएम१ मागून येतं. तुमचं प्रथिन या दोघांपैकी कोणासोबत परततं, ते पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं चित्रं घेऊन टिपून ठेवा.